डिप्रेशनमध्ये गाण्याचं काय व्हायचं तुमच्या?

तिखट_मीठ:
परवा सोलापुरात बाळीवेशीत सिद्धेश्वर यात्रेच्या काठ्यांची (नंदीध्वजांची) मिरवणूक बघायला गेलते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, गर्दी, हलगी सुरू झाली आणि मला एकदम हुंदकाच आला. सोबत जाऊबाई होत्या, त्या घाबरल्या. झालं असं की काही वर्षांपूर्वी मी ह्याच मिरवणुकीत उभी होते आणि मला काहीही वाटलं नव्हतं. हलगी कानावर पडत होती, तेवढंच. धाकटा तेव्हा तान्हा होता, डिप्रेशन होतं हे पुष्कळ नंतर कळलं. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे उदास गाणी लावून रडत बसणं. मला रडूपण येत नव्हतं ओ. लहानपणी वडील पहाटे सोलापूर आकाशवाणी लावायचे, भक्तिगीतं लागली की मी अंथरुणातच गुणगुणायचे, आणि तीच मी घरात कुणी गाणं लावलं की बंद करा म्हणायचे, कारण आवडतं गाणं लागलं की आता हेसुद्धा आवडत नाही हे परत परत कळायचं. डॉक्टरांना फक्त झोप आणि भूक सांगितली. गाण्याचं सांगायचं असतं हे कुठं माहीत होतं? तुमच्यात कुणाला झालंय का असं? सांगावंसं वाटलं तर सांगा.

कुर्डुवाडी_जंक्शन:
माझं उलटं. पुण्याला नोकरी, घर सोलापुरात, दर आठवड्याला हुतात्मा एक्सप्रेसने जा-ये. गाडी सुटली की हेडफोन, दौंड येईपर्यंत एकच गाणं, रडकं. बायको म्हणायची हे ऐकून अजून खचतोयस. पण मला त्यात बरं वाटायचं. आनंदी गाणं लागलं की कुणीतरी खांदे धरून गदागदा हलवतंय आणि उठ म्हणतंय असं व्हायचं. रडकं गाणं काही मागायचं नाही.

शेंगाचटणी:
आनंदी गाण्यांचं अगदी अगदी!! गणपतीत गल्लीत डीजे लागला की मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. तिखट_मीठ ताई, जाऊबाईंना काय सांगितलंस मग?

तिखट_मीठ:
आधी सांगितलं डोळ्यात धूळ गेली. रिक्षात बसल्यावर खरं सांगितलं. तर म्हणाल्या, थोरल्याच्या वेळी मलापण असंच झालतं, कुणाला बोलले नाही. एका घरात राहतो ओ आम्ही इतकी वर्षं.

शेंगाचटणी:
😢 अगं बाई

पार्क_चौक:
एमएला सायकॉलॉजी आहे म्हणून लिहिते. तिखट_मीठ ताईंना झालं त्याला अ‍ॅन्हिडोनिया म्हणतात, पूर्वी ज्यात गोडी होती त्यातली गोडी जाणं. डिप्रेशनची मुख्य लक्षणं दोन, एक उदासी आणि दुसरं हे. दोन्हींपैकी एक आणि सोबत झोप, भूक, थकवा असली बाकीची काही लक्षणं दोन आठवडे टिकली तर डॉक्टर डिप्रेशन धरतात. म्हणजे उदास न वाटतासुद्धा ते असू शकतं, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. आणि कुर्डुवाडी दादा, तुमच्या रडक्या गाण्यावर अभ्यास झालेत. २०१५ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांना दिसलं की डिप्रेशन असलेल्या बायका उदास गाणी जास्त निवडतात, तेव्हा अर्थ असा काढला की ह्या उदासीतच राहायचं निवडतात. मग २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या लोकांनी तसाच प्रयोग करून, का निवडलं हेही विचारलं, तर उत्तर आलं की शांत वाटतं. विचारलं हे किती बरं केलं! फक्त तेच तेच विचार उगाळायची सवय असेल तर अशा गाण्यांनी माणूस अजून रुततो, ते सांभाळायचं.

कुर्डुवाडी_जंक्शन:
हे बायकोला वाचून दाखवलं. थँक्यू.

पेटीवाली_काकू:
गोळ्या सुरू झाल्या आणि रडू थांबलं, चांगलंच झालं, पण भजनात डोळे भरून यायचे तेही थांबलं. मी पेटी वाजवते. शेवटी भैरवी असते, डावा हात भात्यावर, बोटं बरोबर पडतायत, मंडळी माना डोलावतायत, आणि मी मनात गॅसवर दूध राहिलंय का बघतेय. वीसेक वर्षं वाजवतेय, असं कधी झालं नव्हतं. मग डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, ते म्हणाले काहींना ह्या गोळ्यांनी होतं असं, आणि डोस बदलला. हळूहळू आलं परत. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका गं कुणी

पूर्वभाग:
अशोक चौकाजवळ राहतो. दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट, लहानपणापासून. आई विड्या वळताना बतुकम्माची, म्हणजे आमच्या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाची गाणी म्हणायची, तेलुगूत, हात पानावर आणि तोंडात गाणं. ती गेल्यावर मी लई दिवस कारखान्यातून घरीच जायचो नाही, माग चालू असला की बाकी काही ऐकू येत नाही ना. नवरात्राच्या आधी गल्लीत बायका ती गाणी म्हणायला लागल्या की शटर खाली. अजून पूर्ण बरा नाही. पण औषध चालू आहे.

कडकभाकरी:
माझी आज्जीपण विड्या वळायची! सूपात पानं, कात्री, तंबाखू. त्या वासाने आता डोकं दुखतं पण आज्जी आठवते. तुमच्यात कुठलं गाणं म्हणायच्या रे?

पूर्वभाग:
शब्द नीट आठवत नाहीत. बहिणीला विचारतो.

निवृत्त_मास्तर:
पहाटे संभाजी तलावावर फेरी मारा, संध्याकाळी यमन ऐका. मन आपोआप प्रसन्न होतं.

शेंगाचटणी:
सर, मनापासून सांगताय ते कळतंय. पण तेव्हा उठून दात घासणंच होत नाही ओ. तलाव फार लांबचा.

पार्क_चौक:
सर, संगीताचा उपयोग होतो हे खरंय. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात (त्यात बरेच अभ्यास एकत्र तपासतात) नेहमीच्या उपचारांच्या जोडीला म्युझिक थेरपी दिली तर निदान थोड्या काळासाठी लक्षणं कमी होतात असं आलंय. पण जोडीला, उपचार सोडून नाही. कुणाला डॉक्टरकडे जायचा धीर होत नसेल तर टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, मनाच्या त्रासासाठी, सरकारचं आहे, फुकट, रात्रीपण लागतो, मराठीत बोलता येतं.

निवृत्त_मास्तर:
पटलं. नंबर लिहून ठेवला, शेजारी एक मुलगा आहे त्याच्यासाठी.

शेंगाचटणी:
काकू, भजन कुठल्या वारी असतं? आई फार छान म्हणायची, वर्षभर गप्पच आहे. आणू का?

पेटीवाली_काकू:
गुरुवारी पाचला. पत्ता मेसेज करते. म्हण म्हणून कुणी मागं लागणार नाही तिच्या, टाळसुद्धा हातात देणार नाही, माझ्या शेजारी बसव. जिना आहे, हात धरून आण.

कडकभाकरी:
पूर्वभाग दादा, बहिणीने सांगितलं का?