प्रति: ढिल्या खेळाडूंपुढे फ्लॉपनंतर काय?

पोकरमध्ये ढिल्या, म्हणजे जवळपास प्रत्येक हात खेळणाऱ्या गड्यांना ‘फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांवर) ब्लफ करून (पानं कच्ची असताना मोठी पैज लावून) पळवा’ असा सल्ला वर आलाय. तो इथे चालणार नाही. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे बरेच जण तीन पत्तीवरून पोकरकडे आलेले. चाल द्यायची सवय हातातच बसलेली. तिघे समोर असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा पान टाकत (डाव सोडत) असेल, तरी तिघेही एकदम टाकण्याची शक्यता आठात एक. ते बहुधा निम्म्या वेळाही टाकत नाहीत, हे वेगळंच!

त्यापेक्षा चांगल्या पानांवर मोठी बेट करा. समजा, तुमच्याकडे बदाम एक्का, किलवर राजा. फ्लॉप: इस्पिक एक्का, इस्पिक नव्वी, चौकट चव्वी. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) २०० चिप्स. हातात दोन इस्पिक घेऊन फ्लशच्या (पाचही पानं इस्पिकची) आशेवर बसलेल्याला उरलेल्या ४७ पानांपैकी ९ लागतात, म्हणजे पुढच्या पानाला साधारण १९ टक्के. तुम्ही ५० लावले तर ३००च्या पॉटसाठी त्याला ५० घालायचे, म्हणजे १७ टक्केच पुरतात, त्याचा कॉल (तेवढेच लावून डावात राहणं) बरोबर ठरतो. १५० लावा, मग ५००च्या पॉटसाठी १५०, म्हणजे ३० टक्के लागतात. तो तरीही कॉल करणार, आणि चुकणार.

टर्नला (चौथ्या पानाला) इस्पिक आलं की हात आखडा. एरवी नुसता कॉल करणारा गडी टर्न-रिव्हरला (चौथ्या-पाचव्या पानाला) अचानक रेज करतो (बेट वाढवतो), तेव्हा त्याच्याकडे बहुतेक दोन जोड्या किंवा त्याहून वरचं असतं. एक्का-राजा निमूट टाकावा. (इथेच सगळे अडकतात.) उगाच मोठ्या बेट आपटणारा ढिला मात्र वेगळा: त्याच्यापुढे चेक करून (काही न लावता) त्यालाच लावू द्या.