मदत हवी आहे: सकाळी फोनवर दिसलेली मेल दुपारी गायब, आणि उत्तरं भलत्याच पत्त्यावरून जातात

नमस्कार. थोडं लांबलचक लिहिते आहे. अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यापेक्षा सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप, एक फोन आणि अलीकडे घेतलेला टॅब आहे. ईमेल पत्ते दोन. पहिला २००९ साली काढलेला, त्याला इथे ‘जुना पत्ता’ म्हणते. दुसरा बराच नंतर काढला, कारण जुन्यावर जाहिरातींचा इतका मारा व्हायला लागला की कामाची पत्रं त्यात हरवायची. जुना बंद करता येत नाही, सतरा ठिकाणी तोच दिलेला आहे.

मुख्य त्रास असा. सकाळी फोनवर जुन्या पत्त्याची एखादी मेल दिसते. निवांत उत्तर देऊ म्हणून ठेवते. दुपारी बघते तर नाही. कचऱ्यात नाही, स्पॅममध्ये नाही, शोधूनही सापडत नाही. टॅबवरही नाही. लॅपटॉपवर मात्र असते. उलट, लॅपटॉपवरून पाठवलेलं उत्तर फोनच्या ‘सेंट’मध्ये कधीच दिसत नाही. समोरचा माणूस ‘तुम्हीच तर लिहिलं होतं’ म्हणतो आणि माझ्या हातातल्या फोनवर त्याचा पुरावा नसतो. टॅबवर पाठवलेल्या मेल्सचे दोन फोल्डर तयार झालेत, ‘सेंट’ आणि ‘सेंट मेसेजेस’. काही यात, काही त्यात.

याला कंटाळून दोन महिन्यांपूर्वी जुन्या पत्त्यावरचं सगळं नव्यावर फॉरवर्ड लावलं, तर गोंधळ वाढलाच. काही मेल्स नव्या पत्त्याच्या स्पॅममध्ये पडतात. ज्या नीट येतात त्यांना उत्तर दिलं की ते नव्या पत्त्यावरून जातं. आमच्या अभ्यासगटाचा एक सामायिक पत्ता आहे, त्यावर फक्त नोंदवलेल्या पत्त्यावरून लिहिता येतं. माझी तीन उत्तरं तिथून परत आली आणि मला ते आठवड्याने कळलं. गटातल्या एकीला मी उत्तरच देत नाही असं वाटून ती दुखावली होती. हे मला फार लागलं.

आणखी एक. फोनचं अकाउंट जुन्या पत्त्यावर काढलेलं आहे, टॅब घेताना घाईत नव्या पत्त्यावर काढलं. त्यामुळे फोनमधले संपर्क टॅबवर नाहीत.

आता खरी भीती सांगते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. ते मला लांब मेल्स लिहायचे, प्रवासातून, दवाखान्यातून, कधी नुसतं बागेत काय फुललं ते सांगायला. सगळ्या जुन्या पत्त्यावर. त्या आज फक्त लॅपटॉपवर दिसतात. ब्राउझरमधून जुन्या पत्त्यात लॉगिन केलं तर एकही नाही. लॅपटॉपची बॅटरी गेलेली आहे, कधीतरी तो सुरूच होत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘अकाउंट काढून परत टाका, सगळं सिंक होईल.’ माझा हात धजावत नाही.

माझी भीती बरोबर आहे का? त्या मेल्स सुरक्षित कशा करू?

निळी शाई
ताई, मलाही सेंटचा असाच घोळ होता. तिन्हीकडून अकाउंट काढलं आणि नव्याने टाकलं, पंधरा मिनिटांत काम झालं. उगाच घाबरताय.

तारायंत्र
थांबा. ताई, लॅपटॉपवरच्या अकाउंटला हात लावू नका. निळी शाई यांच्याकडे मेल्स सर्व्हरवर (म्हणजे मेल सेवेच्या कॉम्प्युटरवर) होत्या म्हणून परत आल्या. तुम्हीच लिहिलं आहे की ब्राउझरमध्ये एकही दिसत नाही. म्हणजे सर्व्हरवर काही नाही, सिंक व्हायला तिथे काही उरलेलंच नाही. काही प्रोग्रॅम अकाउंट काढल्यावर उतरवलेल्या मेल्स ठेवतात, काही पुसतात. ती परीक्षा बाबांच्या पत्रांवर नको.

दोन गोष्टी बघून सांगा. लॅपटॉपच्या मेल प्रोग्रॅममध्ये अकाउंट सेटिंग उघडा, ‘इनकमिंग सर्व्हर’च्या पुढे पोर्टचा आकडा असेल. तो ९९५ आहे की ९९३? आणि एक दिवस लॅपटॉप अजिबात उघडू नका. त्या दिवशी फोनवरची मेल गायब होते का ते पाहा.

धागाकर्ती
आकडा ९९५ आहे. कालचा पूर्ण दिवस लॅपटॉप बंद ठेवला. सकाळच्या चारही मेल्स रात्रीपर्यंत फोनवर होत्या! आज सकाळी लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत चारही गेल्या. इतकी वर्षं हा संबंध लक्षात आला नव्हता.

तारायंत्र
सगळं तिथेच आहे. सर्व्हरवरची मेल बघायच्या दोन पद्धती आहेत: ९९५ म्हणजे पॉप, ९९३ म्हणजे आयमॅप. (जुन्या, एन्क्रिप्शन नसलेल्या जोडणीत हेच आकडे ११० आणि १४३ असतात.)

पॉपची कल्पना टपालपेटीसारखी आहे. पेटी उघडायची, पत्रं काढून घरी न्यायची, पेटी रिकामी. एकाच माणसाचा एकच कॉम्प्युटर आणि अधूनमधून जोडलं जाणारं नेट असताना ती अगदी योग्य होती. सर्व्हरवर जागाही मोजकी असायची. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात, तुमची यंत्रं फक्त तिथे डोकावतात. मार्क क्रिस्पिन यांनी ते १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये बांधायला घेतलं, पॉपची आजची तिसरी आवृत्ती त्यानंतरची, १९८८ची. म्हणजे आयमॅप काही नवं नाही. तुमचा लॅपटॉप मात्र पॉपवर लावला गेला आणि तसाच राहिला. फोन आणि टॅब आयमॅपने बघतात. लॅपटॉप उघडला की तो पेटी रिकामी करतो, आणि फोनला रिकामी पेटी दिसते. फोनने काहीच पुसलेलं नाही, म्हणून कचऱ्यातही सापडत नाही.

सेंटचंही कारण हेच. मेल जाते वेगळ्या वाटेने, एसएमटीपीने. त्या वाटेला ‘पाठवलेल्यांची प्रत ठेव’ हे काम माहीत नसतं. प्रत ठेवण्याचं काम तुमचा प्रोग्रॅम वेगळं करतो. आयमॅप असेल तर ती प्रत सर्व्हरच्या सेंट फोल्डरमध्ये चढवतो. (काही सेवा ही प्रत आपणहून ठेवतात, पण त्यावर विसंबू नका.) पॉपमध्ये तशी सोयच नाही. पॉपला फक्त इनबॉक्स कळतो, त्यामुळे प्रत लॅपटॉपच्या डिस्कवर राहते. तुमची लॅपटॉपवरून गेलेली सगळी उत्तरंही त्या एकाच डिस्कवर आहेत, हेही लक्षात घ्या.

आता क्रम सांगतो, तो मोडू नका.

आधी नक्कल. मेल प्रोग्रॅम पूर्ण बंद करून त्याचं अख्खं प्रोफाइल फोल्डर (ज्यात तो मेल्स आणि सेटिंग ठेवतो) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. प्रोग्रॅममध्ये एक्स्पोर्टची सोय असेल तर मेल्सच्या फोल्डरचं एमबॉक्स फाइलमध्ये एक्स्पोर्टही करा. एमबॉक्स म्हणजे साधी मजकुराची फाइल, मेल्स एकामागोमाग लिहिलेल्या, ती इतर प्रोग्रॅमही वाचतात. दोन ठिकाणी नक्कल झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमचा लॅपटॉप कधीतरी सुरू होत नाही म्हणता, म्हणजे हे काम आजचं आहे.

मग पॉपच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या खुणेवर टिक करा. शेजारी ‘अमुक दिवसांनी काढून टाका’ असं असेल तर ती टिक काढा. एवढ्यानेच मेल गायब होणं थांबेल.

त्यानंतर लॅपटॉपवर तोच जुना पत्ता दुसऱ्यांदा टाका, आयमॅप म्हणून. जुनी नोंद तशीच राहू द्या. डावीकडे दोन खाती दिसतील. आयमॅपच्या खात्यात एक नवा फोल्डर काढा आणि जुन्यातल्या मेल्स त्यात ‘कॉपी’ करा. ‘मूव्ह’ नको. एका वेळी शंभर-दोनशेच घ्या. नेट मध्येच तुटलं तर काय चढलं आणि काय राहिलं ते शोधणं छोट्या गठ्ठ्यात सोपं जातं. प्रत्येक गठ्ठ्यानंतर दोन्हीकडचा आकडा मोजा आणि ब्राउझरमध्ये जाऊन एखादी मेल जोडपत्रासकट उघडून बघा.

रातराणी
तारायंत्र यांच्या सांगण्यात एक भर. चढवलेल्या मेल्सवर कधीकधी आजची तारीख दिसते, तेव्हा घाबरू नका. सर्व्हर प्रत्येक मेलला स्वतःची ‘मिळाल्याची तारीख’ लावतो. चढवताना प्रोग्रॅमने जुनी तारीख सोबत दिली नाही तर सर्व्हर आजचीच लावतो. मेलच्या आतली मूळ तारीख बदलत नाही. यादी ‘पाठवल्याच्या तारखे’ने लावा, सगळं जागेवर येईल. माझ्या आईच्या मेल्स चढवताना मी अर्धा तास सुन्न होऊन बसले होते, म्हणून आधीच सांगते.

टॅबवरच्या दोन सेंटबद्दल. वेगवेगळे प्रोग्रॅम या फोल्डरला वेगवेगळं नाव देतात. कोणता फोल्डर सेंट, कोणता ड्राफ्ट, हे सर्व्हरने खुणेने सांगावं असं २०११ मध्ये ठरलं, पण सगळे प्रोग्रॅम ते पाळत नाहीत. टॅबच्या अकाउंट सेटिंगमध्ये ‘सेंट मेल कुठे ठेवायची’ असा पर्याय बहुधा आत दडलेला असतो. तिथे सर्व्हरवरचा ‘सेंट’ निवडा. मग ‘सेंट मेसेजेस’मधल्या मेल्स त्यात हलवा आणि रिकामा फोल्डर पुसा. ड्राफ्ट आणि कचऱ्याचंही त्याच बैठकीत बघून घ्या.

धागाकर्ती
नक्कल झाली, दोन डिस्कवर. एक बहिणीकडे ठेवली. ‘प्रत ठेवा’वर टिक नव्हतीच! टिक केल्यापासून तीन दिवसांत एकही मेल गायब नाही. रात्री चढवायला सुरुवात करणार आहे. फॉरवर्डचं काय करू? आणि दोन अकाउंट एकत्र करता येतात का?

उंबरठा
फॉरवर्ड मी बंद करेन. स्पॅममध्ये का पडतात ते सांगतो. एखाद्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने मेल पाठवायला कोणते सर्व्हर अधिकृत आहेत, याची यादी तो डोमेन जाहीर करतो. तिला एसपीएफ म्हणतात. तुमचा जुना सर्व्हर मेल पुढे ढकलतो तेव्हा ती मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने पण तिसऱ्याच सर्व्हरवरून आलेली दिसू शकते, आणि यादीत तो सर्व्हर नसतो. मेलवर डीकेआयएम ही सही असेल आणि वाटेत मजकुरात फेरफार झाला नसेल तर निभावतं, नाहीतर संशय येतो.

आता मेल्स गायब होत नाहीत, मग फॉरवर्डची गरजच काय? दोन्ही पत्ते तिन्ही ठिकाणी आयमॅपने टाका. उत्तर बहुतेक प्रोग्रॅममध्ये ज्या खात्यात मेल आली त्याच पत्त्यावरून जातं. फॉरवर्डमुळे मेल नव्या खात्यात येत होती म्हणून उत्तर नव्यावरून जायचं, त्यात तुमची चूक काही नव्हती. नवी मेल लिहिताना मात्र ‘डीफॉल्ट अकाउंट’ वापरलं जातं, ते तिन्हीकडे एकच ठेवा. गटाच्या व्यवस्थापकांना नवा पत्ताही नोंदवायला सांगा.

अकाउंट एकत्र करण्याच्या मागे लागू नका. फोनचं अकाउंट आणि मेलचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकाउंटला पत्ता हे नुसतं लॉगिनचं नाव असतं. टॅबवरचं नव्या पत्त्याचं अकाउंट हटवा आणि फोनचंच अकाउंट तिथे टाका, संपर्क आपोआप येतील. टॅबवर नवे जोडलेले संपर्क आधी व्हीकार्ड फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून फोनमध्ये घ्या, आणि नोंदी, फोटो टॅबवरच असतील तर तेही आधी बाहेर काढा. मेलचे पत्ते त्या अकाउंटखाली कितीही असू शकतात.

एक गोष्ट मात्र आज बघा. नव्या पत्त्याचा पासवर्ड विसरलात तर कोड कुठे येतो? जुन्यावर. आणि जुन्याचा? तो नव्यावर येत असेल तर दोन्ही एकदम अडकतील. एकाला तरी फोन नंबर जोडा.

धागाकर्ती
दोन्ही एकमेकांवरच होते. बदललं. फॉरवर्ड बंद केलं. गटातल्या त्या मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं, ती म्हणाली तिच्याकडेही तीच कथा आहे. तिला या धाग्याचा दुवा दिला.

बाबांच्या एकूण ४१२ मेल्स निघाल्या, मला दोनशेच्या आसपास वाटत होत्या. तीन रात्री लागल्या. रातराणी, तारखांचं आधी सांगितलंत म्हणून बरं झालं, पहिला गठ्ठा अगदी तसाच दिसला. ४१२ तिथे, ४१२ इथे, दोनदा मोजल्या. आज दुपारी फोनवर त्यातली एक उघडली. सोनचाफ्याला पहिली कळी आल्याची, फोटोसकट.

लॅपटॉपवरची पॉपची नोंद आता काढू का, की अजून काही दिवस ठेवू?

तारायंत्र
महिनाभर ठेवा. मध्ये एकदा बहिणीकडची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून ती एमबॉक्स उघडते का ते तपासा, मग काढा.