ग्राफिक्स कार्डाचा वीजवापर: सॉफ्टवेअरचा आकडा पुरेसा आहे का?

पडताळणी (धागाकर्ता)

ग्राफिक्स कार्डांच्या बऱ्याच परीक्षणांत वीजवापराचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यातल्या सॉफ्टवेअरवरून उचललेला असतो. माझे स्पष्ट मत असे की, कार्डाला येणाऱ्या तारांवर आणि मदरबोर्डच्या स्लॉटवर प्रत्यक्ष मोजमाप केलेले नसेल, तर हा आकडा छापूच नये.

2016 साली आलेल्या एएमडी कंपनीच्या रेडिऑन आरएक्स 480 या कार्डाचे उदाहरण घ्या. या कार्डाची जाहीर मर्यादा 150 वॉट होती, म्हणजे स्लॉटमधून 75 आणि सहा पिनांच्या जोडणीतून 75. काही परीक्षकांनी स्लॉट आणि कार्ड यांच्यामध्ये मोजणीची पट्टी बसवून प्रवाह वेगळा मोजला, तेव्हा स्लॉटवर ठरल्यापेक्षा जास्त भार पडत असल्याचे उघड झाले. जुलैमध्ये एएमडीला नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) काढून तो भार जोडणीकडे वळवावा लागला. वीजवापर दाखवणारे सॉफ्टवेअर बहुधा फक्त बेरीज सांगते. वीज कोणत्या वाटेने आली हे त्यातून कधीच कळले नसते.

शिवाय ती बेरीजही प्रत्येक कंपनीची वेगळी. आरएक्स 6800 एक्सटी हे 300 वॉटचे कार्ड सॉफ्टवेअरमध्ये 255 वॉटच्या आसपास थांबलेले दिसे, कारण त्या पिढीत पूर्ण कार्डाचा वापर दाखवलाच जात नसे. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाचा आकडा मात्र पूर्ण कार्डाचा. हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडणे म्हणजे वाचकाची शुद्ध दिशाभूल आहे.

हिशेबी

असहमत. 6800 एक्सटीचा दोष मोजमापाचा नाही, आकड्याला लावलेल्या नावाचा आहे. कोणत्या भागाचा वापर मोजला हे परीक्षकाने एका ओळीत लिहिले की प्रश्न मिटतो.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहू. 300 वॉटचे कार्ड रोज 3 तास पूर्ण भाराने चालवले, तर 30 दिवसांत 27 युनिट होतात. त्यात 5 टक्क्यांची चूक धरली तरी फरक दीड युनिटाच्याही आत. तेवढ्यासाठी महागडी उपकरणे सक्तीची केली, तर स्वतःच्या खर्चाने कार्ड विकत घेऊन तपासणारी हौशी मंडळी बाद होतील आणि आपल्या हाती उरतील फक्त कंपन्यांच्या जाहिरातीतले आकडे. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा मीटर स्वस्तात मिळतो, आणि बिल येते ते त्याच ठिकाणच्या वापराचे.

पडताळणी

बिलासाठी तो मीटर उत्तम आहे. कार्डांच्या तुलनेसाठी नाही. भिंतीवर 450 वॉट दिसले आणि पॉवर सप्लायची (भिंतीवरची वीज संगणकाच्या भागांना पुरवणाऱ्या डब्याची) कार्यक्षमता 90 टक्के असली, तर आत पोहोचतात 405. त्यातले प्रोसेसरचे किती आणि कार्डाचे किती? विश्रांतीतला आकडा वजा केला तरी गोंधळ सुटत नाही, कारण वेगवान कार्ड प्रोसेसरलाही अधिक राबवते आणि तो वाढीव खर्च विनाकारण कार्डाच्या नावावर चढतो.

यूपीएसग्रस्त

आपण दोघेही सरासरीवर भांडत आहात. माझी अडचण झटक्यांची आहे. सॉफ्टवेअरवर सगळे आलबेल दिसत असताना खेळाच्या ऐन भरात माझा 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे क्षमतेचे माप) यूपीएस बंद पडतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3090 सारखी 350 वॉटची कार्डे क्षणभर त्याहून कितीतरी जास्त वीज ओढतात, आणि पॉवर सप्लायसाठीच्या 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकाने तर पॉवर सप्लायने 100 मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अट घातली. सेकंदातून एकदा बदलणाऱ्या आकड्यात हे कसे दिसणार?

हिशेबी

दिसणार नाही, हे मान्य. पण 100 मायक्रोसेकंदांचा झटका आपल्या यूपीएसपर्यंत सहसा पोहोचतच नाही. पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) तो आतल्या आत पचवतात. 600 व्हीएचे बहुतेक यूपीएस 360 वॉटचेच असतात. प्रोसेसर, कार्ड, मॉनिटर आणि सप्लायमधली तूट यांची बेरीज करून पाहा. दोष बहुधा साध्या सततच्या भारात सापडेल, आणि तो शोधायला सॉकेटचा मीटर पुरतो.

पडताळणी

यूपीएसपुरते हे पटण्यासारखे आहे. परंतु 2025 च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाच्या आरटीएक्स 5090 च्या वितळलेल्या जोडण्यांचा विषय निघाला, तो पाहा. 575 वॉट म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 48 अँपिअर. सहा तारांत समान वाटणी झाली तर प्रत्येकीला 8. जर्मनीचे यूट्यूबर डेरबाउअर यांनी एकेका तारेभोवती क्लॅम्प मीटर (तार न कापता प्रवाह मोजणारा चिमटा) धरला, तेव्हा एका तारेतून 20 हून अधिक अँपिअर जाताना आढळले. कार्डावर या सहाही तारा पुढे एकत्र होतात, त्यामुळे कार्डाच्या सेन्सरला एकूण प्रवाह योग्यच दिसत होता. आकडा अचूक आणि तार भाजणारी, अशी ती गत.

हिशेबी

ही तपासणी जरूर व्हावी, पण सुरक्षेची म्हणून. तिच्यासाठी वीजवापराचे साधे आकडे अडवून धरू नयेत. आणि कोणी घरी करून पाहणार असेल तर वायरमनकडचा नेहमीचा क्लॅम्प मीटर चालणार नाही, कारण तो बहुधा फक्त एसी प्रवाह मोजतो आणि कार्डाच्या तारांत डीसी प्रवाह असतो. डीसी मोजणारा मीटर घ्यावा आणि त्याच्या जबड्यात 12 व्होल्टचीच तार धरावी. परतीची तार सोबत आत गेली, तर दोन्ही प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि पूर्ण भारावरही पडद्यावर जवळपास शून्य दिसते.