हॉटेल परत भरतंय पण शिल्लक शून्य, पुढच्या साथीसाठी तयारी कशी करायची?

प्रश्न (लॉबीतून): मंडळी, आमचं ३० खोल्यांचं हॉटेल आहे. २०२० मध्ये बंद पडलं तेव्हा लोकांचे ॲडव्हान्स परत करता करताच गल्ला रिकामा झाला, वर कर्जाचे हप्ते, जुना स्टाफ पण गेला. आता गेस्ट परत आलेत, पण तसंच काही पुन्हा आलं तर दोन महिनेसुद्धा तग धरणार नाही. सुरुवात कुठून करू?

खातेवही: सगळ्यात आधी एक आकडा काढा, एकही गेस्ट नसताना महिन्याचा खर्च किती. पगार, हप्ता, विमा, लिफ्टचं मेंटेनन्स सगळं धरा. मग किती खोल्या भरल्या की तो खर्च निघतो ते बघा. ३० पैकी १८ भरल्याशिवाय निघत नसेल तर साधी मंदीसुद्धा जड जाईल, तो आकडा १२ वर आणायचा प्रयत्न करा. आमच्याकडे सगळ्या मजल्यांना गरम पाण्याची एकच लाइन होती, चार गेस्ट असले तरी अख्खी बिल्डिंग तापवायचो! प्लंबिंगचं काम निघालं तेव्हा मजल्याप्रमाणे व्हॉल्व्ह टाकून घेतले, आता रिकामा मजला सरळ बंद करतो. आणि ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवा हो, गेस्ट राहून जाईपर्यंत तो पैसा आपला नाहीच, तुमचा गल्ला तिथेच गेला.

चावीचा_जुडगा: वरचं पटलं पण माणसांचं काय? मी हाउसकीपिंग बघते. आमच्या मालकांनी बंदच्या काळात अर्धा पगार का होईना चालू ठेवला आणि दर आठवड्याला स्वतः फोन करायचे, म्हणून उघडलं त्या दिवशी बहुतेक सगळे हजर होते. नवीन माणूस हाताखाली तयार व्हायला महिने जातात, तोवर गेस्टच्या तक्रारी येत राहतात. रिसेप्शनवाल्याला रूम लावता यायला हवी आणि रूमवाल्याला चेक-इन, म्हणजे कमी माणसांत निभावतं.

नळदुरुस्त: मजला बंद केलात तरी तिथले नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा पाच मिनिटं तरी सोडा. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवा. अजून एक, विम्याची पॉलिसी आजच वाचा. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर बऱ्याच कंपन्यांनी विषाणूमुळे होणारं नुकसान वगळलं होतं आणि कित्येक हॉटेलवाल्यांना ते २०२० मध्ये क्लेम करताना कळलं.

लॉबीतून: खूप आभार सगळ्यांचे. आकडा काढला, २१ आला, माझा मलाच धक्का बसला. ॲडव्हान्सचं खातं सोमवारी उघडतोय. @खातेवही, बुकिंग साइटचं कमिशन तुम्ही या हिशोबात कुठे धरता?

खातेवही: ते महिन्याच्या खर्चात नको, प्रत्येक खोलीच्या भाड्यातून आधीच वजा करा. म्हणून तर जुन्या गेस्टना थेट फोनवर बुकिंग करायला सांगा, २१ चे १९ तिथेच होऊ शकतात.