घणसोलीत गांडूळ खत सुरू करायचंय, कोणी करतंय का?

घणसोलीकर: नमस्कार मंडळी, घरामागे थोडी जागा आहे, वर पत्रा आहे, तिथे १२ बाय ४ फुटांचे दोन एचडीपीई (जाड प्लॅस्टिक कापडाचे) बेड टाकायचं डोक्यात आहे. शेण तबेल्यातून मिळेल, भाजीवाल्यांचा पाला फुकट. गांडुळं किती घेऊ आणि विकू कुणाला?

पालापाचोळा: आधी एकच बेड टाक रे. ताजं शेण डायरेक्ट घालू नकोस, आतून तापतं आणि गांडुळं मरतात, १५-२० दिवस पाणी मारून थंड होऊ दे, हात घातला की गरम लागता कामा नये. आयसेनिया फेटिडा जातीची, म्हणजे खतासाठीची लाल गांडुळं घे, चार-पाच किलो. शेतातली साधी गांडुळं यात चालत नाहीत.

ऐरोलीची_ताई: पावसाळ्याचं बघा दादा! आपल्याकडे तिरका पाऊस, पत्रा असून बाजूने पाणी येतं, बेड तुंबला की गांडुळं कडेवर चढून पळतात. उंदीर, मुंग्या वेगळंच.

कळवा_बागवाला: सोसायटीच्या ग्रुपवर चाळलेला माल किलो-किलोच्या पाकिटात विका, गोणीपेक्षा चार पैसे जास्त सुटतात. पण धंदा म्हणून खत विकायचं तर खत नियंत्रण आदेश १९८५ लागतो, कृषी विभागात आधी विचारून घ्या, नंतर झंझट नको.

घणसोलीकर: ओके, एकच बेड. दीड-दोन महिन्यांत निघतो ना माल?

पालापाचोळा: निघतो. चहा पावडरसारखा दिसला, शेणाचा वास गेला की झालं. काढायच्या आधी चार-पाच दिवस पाणी बंद कर, गांडुळं खाली जातात, वरचा थर आरामात निघतो.