मदत हवी आहे: एनके पेशी जिवंत आहेत, पण मारायचं सोडून दिलंय

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. इम्युनॉलॉजीतलं कुणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

निरोगी दात्यांच्या रक्तातून एनके पेशी, म्हणजे नैसर्गिक मारक पेशी, वेगळ्या करते, आयएल-2 हे पेशींना जगवणारं-वाढवणारं संदेशवाहक प्रथिन देऊन सांभाळते आणि त्यांच्यासमोर के562 या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी सोडते. के562 वर एचएलए वर्ग 1 चे रेणू, म्हणजे 'मी आपलीच' अशी ओळख दाखवणारे पृष्ठभागावरचे रेणू, जवळपास नसतातच. त्यामुळे एनके पेशींना 'थांब' सांगणारं कुणी उरत नाही आणि त्या तुटून पडतात. पहिल्या दिवशी अगदी तसंच होतं. एखादी एनके पेशी आपल्याहून कितीतरी मोठ्या के562 ला चिकटते, थोड्याच वेळात त्या गोल, चकचकीत पेशीच्या कडेला फुगे येतात आणि ती काळवंडून आक्रसते. कितीही वेळा पाहिलं तरी मी मायक्रोस्कोपवरून उठत नाही.

दर दोन दिवसांनी ताज्या के562 घालते. सहाव्या दिवशी मात्र सगळं थंड. एनके पेशी येतात, चिकटतात, जरा घुटमळतात आणि सोडून निघून जातात. के562 आरामात वाढत राहतात.

त्या मेल्या असतील म्हणाल तर तसं नाही, मृत पेशींचा रंग घेत नाहीत. पीएमए आणि आयनोमायसिन ही पेशी चेतवणारी रसायनं दिली की इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन भरपूर बनवतात. के562 समोर मात्र सीडी107ए, म्हणजे मारक द्रव्य बाहेर सोडल्याची खूण, पृष्ठभागावर येतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच दात्याच्या, तेवढंच आयएल-2 दिलेल्या, पण के562 न पाहिलेल्या पेशी सहाव्या दिवशीही छान मारतात. म्हणजे कल्चर जुनं झालं हे कारण नाही.

गाइड म्हणतात, "थकल्या, दुसरं काय." मला ते पटत नाही. थकलेली पेशी पीएमएला इतकं दणदणीत उत्तर कसं देईल? ही थकवणूक आहे की अनर्जी, म्हणजे यंत्रणा शाबूत पण निरोप आत पोचत नाही अशी अवस्था? आणि ती उलटवता येते का?

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. पीएमए आणि आयनोमायसिन रिसेप्टरला, म्हणजे बाहेरचा निरोप घेणाऱ्या पृष्ठभागावरच्या रेणूला, वळसा घालून थेट आतली कळ दाबतात. त्याला उत्तर मिळतंय म्हणजे बिघाड रिसेप्टर आणि त्याच्या लगतच्या संदेशवहनात असावा.

उंदरांतली गोष्ट आठवा. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन नसलेल्या उंदरांत वर्ग 1 चे रेणू पृष्ठभागावर नीट येत नाहीत. 1986 मध्ये क्लास केरे आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या 'मिसिंग सेल्फ' (स्वतःची ओळख न दाखवणाऱ्या पेशीवर हल्ला) या कल्पनेनुसार तिथल्या एनके पेशींनी स्वतःचंच शरीर खायला हवं होतं. प्रत्यक्षात त्या मवाळ निघाल्या. 2010 मध्ये तर असं दिसलं की सामान्य उंदरातल्या तयार एनके पेशी अशा उंदरात सोडल्या तर त्याही मवाळ होतात आणि तिकडच्या मवाळ पेशी सामान्य उंदरात आणल्या तर त्यांना धार येते. म्हणजे ही धार जन्मभराची नसते, शेजार बघून कमीजास्त होते. ब्रेक न लागता नुसता ॲक्सिलरेटर दाबलेला राहिला की पेशी आपली संवेदनाच खाली आणते.

तुमच्या प्लेटमध्ये एनके पेशी एकमेकींच्या शेजारी आहेत आणि त्यांच्यावर एचएलए आहे, तरीही हे होऊ शकतं. मिश्र उंदरांत वर्ग 1 नसलेल्या पेशी सोबतीला असल्या तरी एनके पेशी सहनशील झालेल्या दिसल्यात.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण अनर्जी म्हणण्याआधी दोन साध्या गोष्टी तपासा. एक, पेशीच्या आतलं पर्फोरिन, म्हणजे समोरच्या पेशीला भोक पाडणारं प्रथिन. सतत मारून कोठार रिकामं झालं असेल तर प्रश्नच वेगळा. दोन, एनकेजी2डी, म्हणजे एनके पेशीला चेतवणारा एक रिसेप्टर. के562 वर त्याचे लिगँड, म्हणजे त्याला चिकटणारे रेणू, असतात आणि ते सतत भेटले की हा रिसेप्टर आत ओढला जातो.

मग प्लेटला सीडी16 ची, म्हणजे एनके पेशीवरच्या दुसऱ्या एका चेतवणाऱ्या रिसेप्टरची, अँटिबॉडी चिकटवून त्यावर पेशी ठेवा. तिथे जोमानं उत्तर आलं तर बिघाड एनकेजी2डी पुरता, तिथेही गप्प बसल्या तर पसरलेला. मात्र सीडी16 आधी रंगवून बघा, पेशी चेतवली की एडीएएम17 हे एन्झाइम ते कापून टाकतं. पीएमए दिलेल्या नळीत सीडी16 मोजू नका, फसाल.

आयएल-15 (आयएल-2 सारखंच प्रथिन) सतत ओतत राहू नका. 2018 मध्ये मानवी एनके पेशींवर दिसलंय की अखंड आयएल-15 नेही त्या ढेपाळतात, मध्ये खंड दिला तर बऱ्या राहतात.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. तपासलं. पर्फोरिन भरलेलं आहे! एनकेजी2डी स्पष्ट उतरलंय. सीडी16 पृष्ठभागावर आहे, पण त्याचंही उत्तर निम्म्यावर आलंय. म्हणजे बिघाड पसरलेलाच दिसतो.

आता के562 काढून टाकून 48 तास विश्रांती देणार आहे, एक गट नुसत्या आयएल-2 वर आणि एक आयएल-12 व आयएल-18 या आणखी दोन संदेशवाहक प्रथिनांवर. 2014 मध्ये इम्युनॉलॉजिस्ट डेव्हिड राउलेट यांच्या गटानं वर्ग 1 नसलेल्या कर्करोगाच्या गाठीतल्या मवाळ एनके पेशी याच जोडीनं उंदरांत जाग्या केल्या होत्या. फक्त एक सांगा: ही जोडी के562 काढल्याबरोबर द्यावी, की आधी रात्रभर शांत राहू द्यावं?