मीटर स्मार्ट झाले, मग लाइट का जाते?

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. रविवारच्या सभेत स्मार्ट मीटर, गच्चीवरचे सोलर आणि पार्किंगमधले ईव्ही चार्जर असे तीन विषय आहेत. शंका असतील त्यांनी आत्ताच इथे विचाराव्यात. सभेत एकाच वेळी पाच जण बोलतात आणि इतिवृत्तात काहीच लिहिता येत नाही.

अण्णा (ए-१०१): माझी शंका सोपी आहे. मीटर स्मार्ट झाले ना? मग परवा दोन तास लाइट का गेली?

मंदार (बी-७०३): अण्णा, मीटर बदलला म्हणजे विजेचं जाळं बदललं असं होत नाही. उपकेंद्रापर्यंत काय चाललंय ते कंट्रोल रूमला पडद्यावर दिसतं. तिथून फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज आणणारी लाइन, बाहेर पडला की रोहित्र, डीपी आणि आपली इमारत हा सगळा टप्पा वर्षानुवर्षं कुणाला दिसतच नव्हता. एका रोहित्राची एक फेज गेली तर वीज कंपनीला ते कधी कळायचं? कुणीतरी वैतागून फोन केला की. नव्या मीटरमुळे निदान एवढं झालं की सप्लाय गेला की तो आत साठवलेल्या थोड्याशा ऊर्जेवर 'माझी लाइट गेली' असा शेवटचा निरोप पाठवतो. एका रोहित्रावरच्या सगळ्या मीटरांचे निरोप एकदम आले तर बिघाड रोहित्रात किंवा त्याच्या वरच्या बाजूला. एकाच घरातून आला तर त्या घराच्या सर्व्हिस वायरमध्ये किंवा फ्यूजमध्ये.

अण्णा (ए-१०१): म्हणजे कंपनीला कळलं होतं. तरी दोन तास?

मंदार (बी-७०३): कळणं एक, करणं दुसरं. फीडरवर कुठेही फॉल्ट झाला तर उपकेंद्रातला ब्रेकर पडतो आणि अख्खा फीडर अंधारात जातो. मग लाइनमन टॉर्च घेऊन निघतो, एक तुकडा उघडतो, ब्रेकर लावून बघतो, पुन्हा पडला की पुढचा तुकडा. पावसात हे किती वेळ चालतं ते सांगायला नको. सुधारलेल्या जाळ्यात फीडरवर जागोजागी फॉल्ट दाखवणारे सेन्सर असतात, लांबून उघडता-लावता येणारे स्विच असतात आणि फीडरचं दुसरं टोक दुसऱ्या फीडरला जोडता येतं. फॉल्ट दोन स्विचांच्या मध्ये सापडला की तेवढाच तुकडा बाजूला काढायचा, बाकीच्यांना दुसऱ्या टोकाकडून सप्लाय द्यायचा. बहुतेकांची लाइट एक-दोन मिनिटांत परत येते. आपला फीडर एकाच बाजूने पोसलेला आहे. त्याला दुसरं टोकच नाही, तर सॉफ्टवेअर करणार काय? माझं स्पष्ट मत, मीटर आधी आणि स्विच मागून हा क्रम उलटा झाला. मीटर दारात दिसतो, बातमीत दिसतो. जमिनीखालच्या केबलच्या उद्घाटनाला कोण जातं?

प्रकाशकाका (सी-२०२): *फॉरवर्डेड अनेक वेळा* सावधान! परदेशातील विद्यापीठाने सिद्ध केले, स्मार्ट मीटर सहापट जास्त युनिट दाखवतो! सर्वांना पाठवा!

सेक्रेटरी: प्रकाशकाका, ग्रुपवर फॉरवर्ड नकोत असं ठरलं आहे.

मंदार (बी-७०३): असू द्या, यात अर्धं खरं आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने २०१७ मध्ये ९ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. त्यातल्या ५ मीटरांनी जास्त वाचन दिलं, एकाने तर ५८२ टक्क्यांपर्यंत. काहींनी कमीही दाखवलं, ते फॉरवर्डमध्ये येत नाही. पण ती चाचणी कशावर झाली? डिमर लावलेल्या दिव्यांवर. डिमर करंटची लाट मधूनच कापतो आणि मीटरमधले काही प्रकारचे सेन्सर तिथे फसतात. म्हणजे प्रश्न सेन्सरचा होता, मीटर निरोप पाठवतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. तरी कुणाला शंका असेल तर अर्ज करून शेजारी चेक मीटर बसवून घ्यावा, दोन्हींचे आकडे समोरासमोर येतात. आणि जुन्या चकतीच्या मीटरचं फार कौतुक नको. झिजलेली चकती छोट्या लोडवर हलायचीच नाही. तेव्हा बिल कमी यायचं म्हणून कुणी फॉरवर्ड पाठवले नाहीत :)

नीलिमाताई (ए-३०४): मला बिलाची भीती नाही. आम्ही दोघं कामासाठी आठवडा-आठवडा बाहेर असतो. घर रिकामं आहे हे त्या मीटरच्या आकड्यांवरून कुणालाही कळेल, हो ना?

मंदार (बी-७०३): ताई, हो. १५ किंवा ३० मिनिटांचं वाचन कुणी बघितलं तर तुम्ही उठता कधी, गिझर कधी लागतो, घरात कुणी आहे की नाही, सगळं समजतं. ही शंका हसण्यावारी नेऊ नये. नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचा कायदा याच कारणाने अडवला, मग मीटर नाकारायची मुभा द्यावी लागली. आणि खरं सांगू का, जाळं चालवायला प्रत्येक घराचा तक्ता लागतच नाही. रोहित्रावर एकूण किती लोड आहे आणि टोकाच्या घराला व्होल्टेज किती मिळतंय, एवढ्यावर बरंच काम भागतं. घराघराचं वाचन बिलासाठी. ते कुणाला दिसतं आणि किती दिवस ठेवतात, हे सोसायटीने पत्र लिहून विचारावं. उत्तर लेखी घ्यावं.

नीलिमाताई (ए-३०४): पत्राचा मसुदा मी करते.

तन्मय (सी-६०१): मंदारदादा, मीटरमध्ये लांबून लाइट तोडायचा स्विच असतो ना? मग हॅक करून अख्ख्या शहराची लाइट घालवता येईल का?

मंदार (बी-७०३): मीटरमधून नाही, पण वितरण कंपन्यांच्या कंट्रोल रूममधून युक्रेनमध्ये झालंय. २३ डिसेंबर २०१५. ऑपरेटर खुर्चीत बसलेले, समोर माउसचा बाण आपोआप फिरतोय आणि एकामागून एक ब्रेकर उघडतोय. सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले. काही तासांत लाइट परत आली, कारण तिथल्या लोकांनी गाड्या काढल्या, उपकेंद्रांत गेले आणि ब्रेकर हाताने लावले. हाताने लावता येणारा ब्रेकर आणि तो लावू शकणारा माणूस दोन्ही शिल्लक होते म्हणून. सगळं ऑटोमॅटिक झालं की लाइनमन कमी करू म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवतो.

अण्णा (ए-१०१): म्हणजे जुनं तेच बरं होतं.

मंदार (बी-७०३): नाही हो अण्णा. जुन्याचा किस्सा ऐका. १४ ऑगस्ट २००३, अमेरिका आणि कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात. ओहायोमधल्या लाइनी तापून खाली झोळल्या, झाडांना टेकल्या आणि ट्रिप होत गेल्या. कंट्रोल रूमचा अलार्म सॉफ्टवेअरच्या दोषाने तासाहून जास्त वेळ गप्प होता, आणि तो गप्प आहे हेही तिथे कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर जाळ्यातल्या विजेची लाट मोजणारी पीएमयू नावाची उपकरणं मोठ्या प्रमाणावर लागली. जुनी यंत्रणा दर काही सेकंदांनी आकडा आणते, पीएमयू सेकंदाला २५, ५० वेळा मोजतो, आणि प्रत्येक मोजणीवर जीपीएसची वेळ असते. त्यामुळे हजार किलोमीटरवरची दोन उपकेंद्रं एकाच क्षणी कशी होती ते शेजारी ठेवून बघता येतं. पहिला पीएमयू १९८८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात तयार झाला, आणि त्यामागचं मोठं नाव अरुण फडके. हे आपल्याकडे कुणाला सांगितलं की समोरचा आधी विश्वासच ठेवत नाही.

सेक्रेटरी: खूप छान माहिती. आता सोलरकडे वळू. गच्चीवर सोलर लागलं की लाइट गेल्यावर लिफ्ट तरी चालेल ना? सभासद यासाठीच तयार झालेत.

मंदार (बी-७०३): नाही चालणार. हे सभेत पहिल्यांदा सांगा, नाहीतर नंतर तुमच्याच नावाने खडे फोडतील. जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइट गेली की काही क्षणांत स्वतःही बंद होतो. बंद झालाच पाहिजे. लाइनमन लाइन मेलेली समजून हात लावतोय आणि आपल्या गच्चीवरून त्यात वीज चाललीय, असं होऊ द्यायचं का? लाइट गेल्यावर सोलर हवं असेल तर बॅटरी आणि जाळ्यापासून वेगळं होऊ शकणारा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. लिफ्टची मोटर सुरू होताना घेते तो करंट पेलेल एवढा मोठा. तो खर्च वेगळा.

स्नेहा (सी-४०४): बापरे. हे एजंटने सांगितलंच नाही.

मंदार (बी-७०३): कसं सांगेल? त्याला आणखी एक विचारा, इन्व्हर्टरची सेटिंग कोण बदलणार आणि पासवर्ड कुणाकडे राहणार. कारण सांगतो. आपली लाइन बांधली तेव्हा वीज एकाच दिशेने यायची. दुपारी घरोघरी लोड कमी आणि सगळ्या गच्च्या वीज ढकलतायत, अशा वेळी टोकाचं व्होल्टेज वर जातं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतात, तेही ऐन उन्हात. नवे इन्व्हर्टर अशा वेळी रिअॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता जाळ्यात नुसती ये-जा करणारी वीज, ओढून व्होल्टेज थोडं खाली आणू शकतात, पण सेटिंग चालू असेल तर. व्होल्टेज ही किरकोळ बाब समजू नका. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भरदुपारी अंधारात गेले ते व्होल्टेज वाढत जाऊन एकामागून एक केंद्रं ट्रिप झाल्यामुळे.
सेटिंगचा दुसरा किस्सा जर्मनीचा. तिथल्या जुन्या सोलर इन्व्हर्टरना नियमच असा होता की फ्रीक्वेन्सी ५०.२ हर्ट्झला गेली की बंद व्हायचं. एरवी ती ५० असते, जाळ्यात वीज जास्त झाली की वर जाते. थोडे इन्व्हर्टर होते तोवर ठीक. लाखोंनी लागल्यावर लक्षात आलं की ५०.२ ला सगळे एका क्षणी बंद होतील आणि सावरायचा हेतू असलेला नियमच जाळं पाडेल. मग ३ लाखांहून जास्त ठिकाणी इन्व्हर्टर दुरुस्त करून घ्यावे लागले.

खजिनदार: आता माझा विषय. ईव्हीसाठी २० पार्किंगना चार्जर. ठेकेदाराचं पत्र आलंय की मंजूर भार १५० किलोवॅटने वाढवावा लागेल, वेगळं रोहित्र लागेल, त्यासाठी बागेतली जागा द्यावी लागेल.

मंदार (बी-७०३): त्याने एका चार्जरचे ७.४ किलोवॅट गुणिले २० केलं, १४८. बागेत रोहित्र घालायच्या आधी वेगळा हिशेब बघू. आपल्यातली गाडी रोज साधारण ५० किलोमीटर फिरते असं धरा. त्याला ८ युनिट पुरतात. २० गाड्यांचे १६० युनिट. रात्री ११ ते सकाळी ६, सात तास. भागाकार करा, सरासरी २३ किलोवॅट. कुठे १४८ आणि कुठे २३! त्यात त्या वेळी बाकीची इमारत झोपलेली असते.
यासाठी मेन पॅनेलवर सीटी, म्हणजे करंट मोजणारं उपकरण, बसवायची, म्हणजे इमारतीचा एकूण लोड चार्जरना सतत कळतो. पहाटे साडेपाचला पाण्याचा पंप लागला की चार्जर आपोआप हात आखडतात, पंप थांबला की पुन्हा वाढतात.

स्नेहा (सी-४०४): दादा, हे कागदावर छान आहे. मी घरी दहाला येते, बॅटरी संपत आलेली असते. आईला रात्री बाराला हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली तर गाडी तुमच्या सरासरीवर थांबणार का?

मंदार (बी-७०३): रास्त आहे. म्हणून दोन गोष्टी हव्यात. गाडी लावल्याबरोबर पहिले काही युनिट थांबवायचे नाहीत. आणि 'आत्ताच हवी' असं बटण, ते दाबणाऱ्याला जास्त करंट, बाकीच्यांना तेवढा वेळ कमी. फक्त रोज कोण दाबतं ते महिन्याच्या हिशेबात दिसावं.

स्नेहा (सी-४०४): चालेल. मी रोज दाबणार नाही. शेजारच्यांचं माहीत नाही 😀

खजिनदार: मग सगळ्यांनी रात्री ११ चा टायमर लावला की झालं की. सीटी कशाला हवी?

मंदार (बी-७०३): टायमर लावला की ११ वाजता वीसच्या वीस चार्जर एकदम चालू. संध्याकाळचं शिखर, म्हणजे सगळ्यात जास्त लोडची वेळ, टाळून आपण ११ चं नवीन शिखर बांधलं. ब्रिटनमध्ये २०२२ पासून नव्या घरगुती चार्जरना म्हणूनच नियम आहे, ठरलेल्या वेळेनंतर प्रत्येक चार्जर आपल्या मनाने १० मिनिटांपर्यंत उशीर करतो, म्हणजे लाखो गाड्या एका ठोक्याला सुरू होत नाहीत. शिवाय रोहित्राला रात्रीची उसंत लागते. दिवसा तापतं, रात्री निवतं. आत सर्वांत तापलेली जागा ९८ अंशांच्या वर गेली की दर ६ अंशांना कागदी इन्सुलेशन झिजायचा वेग दुप्पट होतो. चार्जिंगची एकत्र गर्दी रात्री आली तर ती उसंतही गेली. म्हणून पसरून घ्यायचं, एकदम नाही.

अण्णा (ए-१०१): मग ठेकेदाराला नेमकं विचारायचं काय? मला कागदावर लिहून द्या, मी विचारतो. मला तो टाळत नाही.

मंदार (बी-७०३): चार्जर ओसीपीपी या खुल्या पद्धतीने बोलतात का, की फक्त त्यांच्याच अॅपवर चालतात. मेन पॅनेलवरची सीटी दरात धरली आहे का. इंटरनेट बंद पडलं तर चार्जर किती करंटवर चालू राहतात. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर समजा त्याने अशी जोडणी कधी केलेली नाही.

खजिनदार: आत्ताच फोन केला. ओसीपीपी म्हणजे काय असं त्याने मलाच विचारलं.

मंदार (बी-७०३): मग दुसरा ठेकेदार बघा. आणि रविवारच्या आधी एक काम हवं. सोसायटीच्या कॉमन मीटरचा अर्ध्या तासाचा लोड वीज कंपनीच्या पोर्टलवर असतो. उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे महिने डाउनलोड करा. आपलं शिखर किती, किती वाजता, हे कळल्याशिवाय १५० ही चुकीचं आणि माझं २३ ही अंदाजच.

सेक्रेटरी: पोर्टलचा ओटीपी जुन्या सेक्रेटरींच्या नंबरवर जातो. नंबर बदलायचा अर्ज दिलाय, अजून काही झालं नाही.

नीलिमाताई (ए-३०४): म्हणजे आमचं घर रिकामं असल्याचं कंपनीला दिसतं आणि सोसायटीला स्वतःचा पंप दिसत नाही.

प्रकाशकाका (सी-२०२): जुना सेक्रेटरी मीच की. संध्याकाळी सातनंतर लॉगिन करा, ओटीपी सांगतो. पण इथे ग्रुपवर टाकणार नाही, फोनवर सांगेन.